फ्लेक्ससाठी जाड मराठी फॉन्ट हवाय, अर्जंट

पप्पू_पेणकर:
मंडळाचा फ्लेक्स उद्या सकाळी छापायला द्यायचाय. इंग्रजीत इम्पॅक्ट असतो ना, तसा ठसठशीत, बिनफुलोऱ्याचा मराठी फॉन्ट सांगा. इम्पॅक्ट लावला तर मराठी पातळच राहतं. 'मोदक' नावाचा फॉन्ट उतरवला, तर मात्रा फुटतात. लवकर!

शिरोरेषा:
इम्पॅक्टमध्ये देवनागरी अक्षरंच नाहीत. जेफ्री ली यांचा १९६५चा तो फॉन्ट. मराठी टाइप केलं की विंडोज गुपचूप दुसरा फॉन्ट लावतं. मात्रा फुटतात म्हणजे नक्की काय होतं? सॉफ्टवेअर कोणतं? मजकूर काय?

निवांत_नाना:
श्रीलिपीचं फॉन्ट सॉफ्टवेअर घ्या, विषय संपला. आमच्या प्रेसमध्ये वर्षानुवर्षं तेच चालतं.

ढोल_ताशा:
नाना, रात्री साडेदहाला श्रीलिपी कुठून आणणार तो? 'मोदक', 'बलू', 'मुक्त' हे तिन्ही फॉन्ट गूगल फॉन्ट्सवर फुकट आहेत. मुंबईच्या 'एक टाइप' या फॉन्ट बनवणाऱ्यांचे.

निवांत_नाना:
फुकटच्या फॉन्टनेच मात्रा फुटतात. हेच सांगत होतो.

पप्पू_पेणकर:
अहो भांडू नका. मजकूर नेहमीचाच, 'श्रींचे आगमन' आणि खाली 'हार्दिक स्वागत'. 'हार्दिक'मधला रफार वर जातच नाही, र चा पाय मोडलेला दिसतो आणि वेलांटी द च्या उजवीकडे येते.

शिरोरेषा:
सॉफ्टवेअर??

पप्पू_पेणकर:
कोरलड्रॉ, अजून काय. एक्स-थ्री. दुकानातलं आहे, बदलता येणार नाही.

शिरोरेषा:
मग फॉन्टचा दोष नाही. इतक्या जुन्या कोरलला युनिकोड देवनागरीची जोडाक्षरं, मात्रा जुळवता येत नाहीत. इंकस्केप हे ड्रॉइंगचं सॉफ्टवेअर उतरवा, फुकट आहे. तिथे टाइप करा, मजकुराचं पाथमध्ये, म्हणजे अक्षरांच्या नुसत्या आकारांत, रूपांतर करा, पीडीएफ काढून कोरलमध्ये इंपोर्ट करा. प्रेसवालाही कर्व्हच, म्हणजे असे आकारच, मागेल.

जुना_पेंटर:
आम्ही दोन इंची ब्रशने एका दमात 'श्री' काढायचो. कसला पाथ नि कसलं काय.

ढोल_ताशा:
फॉन्टचं राहिलंच. मोदक दिसतो झकास, पण अक्षरांच्या आतल्या जागा नुसत्या चिरा उरल्यात. मथळ्यालाच वापर. 'हार्दिक स्वागत' त्यात लिहिलंस तर लांबून काळे गोळे दिसतील. खाली बलू २, एक्स्ट्राबोल्ड. कोपरे गोल आहेत, पण पोकळी शाबूत राहते.

शिरोरेषा:
मोदकला माझा विरोध. 'श्रीं'वरचा अनुस्वार वेलांटीला खेटून बसतो, त्यावर तुम्ही पांढरी बॉर्डर मारणार. कोरलमध्ये आउटलाइन निम्मी अक्षराच्या आत घुसते. 'बिहाइंड फिल'वर टिक करा, नाहीतर त्या चिराही बुजतील. इम्पॅक्टसारखा सरळ, दाटीचा हवा असेल तर 'अनेक देवनागरी' नावाचा फॉन्ट बघा, त्यात जाडी आणि रुंदी दोन्ही कमीजास्त करता येतात.

मिरजकर:
माझ्या मोबाईलवर मराठी ल हिंदीसारखा दिसतो. त्यावर काही उपाय?

ढोल_ताशा:
वेगळा धागा काढा हो.

निवांत_नाना:
फ्लेक्सला परवानगी घेतलीय का? की नेहमीसारखं खांबाला बांधून मोकळे?

पप्पू_पेणकर:
परवानगी अध्यक्ष बघतात. इंकस्केपमधून 'हार्दिक' बरोबर आलं! 'अनेक' लावतोय मथळ्याला. आता अध्यक्ष म्हणतायत अक्षरं बारीक करा, अजून आठ फोटो बसवायचेत.