उपास, नवस, मुहूर्त : पेशंटला विचारायचं कसं?

पंचवटी_ओपीडी
जनरल प्रॅक्टिस आहे. पेशंट बहुतेक साठीच्या पुढचे, शुगर-बीपीवाले. नवरात्र तोंडावर आलंय. उपास आहे का, अनवाणी आहात का, वणीला पायी जाणार का, हे गोळ्या लिहिण्याआधी कळायला हवं. पण विचारलं की 'छे, काही नाही' म्हणतात आणि बाहेर कंपाउंडरला खरं सांगतात. थेट देवाधर्माचं विचारणं आगाऊपणा वाटतो. तुम्ही नेमके कोणते शब्द वापरता? आणि पेशंटनेच 'डॉक्टर, तुम्ही देव मानता का?' असं विचारलं तर?

फॅमिली_फिजिशियन_कॉलेजरोड
लपवतात कारण बोलणी बसतील असं वाटतं. 'उपास करता का?' विचारलं की उत्तर 'नाही'च येणार. 'या महिन्यात उपास कोणकोणते?' असं विचारा, म्हणजे तुम्ही ते गृहीत धरलंय हे कळतं. पुढचा प्रश्न, 'त्या दिवशी पाणी चालतं का? गोळी चालते का?' बीपी-शुगरच्या पेशंटला एवढे दोन पुरतात. सुनेसमोर किंवा मुलासमोर विचारू नका, बीपी घेताना हळूच विचारा. उत्तर केसपेपरच्या कोपऱ्यात लिहून ठेवा : सोम, एका., नवरात्र ९, श्रावणात ब्रह्मगिरी फेरी. पुढच्या वर्षी पुन्हा विचारावं लागत नाही.

आजार मोठा असेल, कॅन्सर, डायलिसिस, तर मात्र नीट बसून बोला. क्रिस्टिना पुचाल्स्की यांनी १९९६ मध्ये मांडलेली चार प्रश्नांची पद्धत उपयोगी पडते : आधार कशाचा वाटतो, तो उपचारांच्या निर्णयात कितपत येतो, सोबत कोण आहे (भजनी मंडळ, मशिदीतली जमात, गुरुजी), आणि यात डॉक्टरने काय करावं असं वाटतं. चौथा प्रश्न लोक गाळतात, खरी मागणी तिथेच बाहेर येते.

'देव मानता का'ला माझं उत्तर ठरलेलं आहे : 'माझं राहू द्या मावशी, तुमचा उपास मोडू नये आणि साखरही पडू नये, तेवढं बघू.' एक पथ्य पाळा. 'गोळीने उपास मोडत नाही' हा निकाल तुम्ही देऊ नका, त्यांच्या गुरुजींना किंवा मौलानांना विचारायला सांगा. त्यांचा शब्द चालतो, आपला चालत नाही.

शुगर_क्लिनिक
नवरात्रात दोन परस्परविरुद्ध चुका होतात, त्या वेगळ्या ओळखा. फराळाच्या उपासात साखर चढते. १०० ग्रॅम कोरड्या साबुदाण्यात ८५ ग्रॅमच्या वर कर्बोदकं असतात, त्यात बटाटा पडतो. 'खिचडी बंद' म्हटलं की पेशंट तुम्हालाच बंद करतो. त्यापेक्षा खिचडी एकदाच, छोटी वाटी, बाकी वेळी राजगिऱ्याची भाकरी, दाण्याची आमटी, ताक, काकडी.

निर्जळी किंवा एकभुक्त असेल तर साखर पडते. ग्लिमेपिराइड, ग्लिक्लाझाइड (इन्सुलिन वाढवून साखर उतरवणाऱ्या गोळ्या) सकाळी रिकाम्या पोटी देऊच नका. दिवसाच्या मोठ्या जेवणाला, बहुतेकांना कमी डोसने. मेटफॉर्मिनचा धोका कमी, जेवणाबरोबर चालतं. डापाग्लिफ्लोझिन, एम्पाग्लिफ्लोझिन (लघवीतून साखर बाहेर टाकणाऱ्या गोळ्या) निर्जळीच्या आधीच थांबवा. पाणी नाही, अन्न नाही आणि ही गोळी चालू, म्हणजे साखर २०० असतानाही कीटोॲसिडोसिस (रक्तात आम्ल साचणं) होऊ शकतो आणि ग्लुकोमीटर बघून सगळे निर्धास्त राहतात. (ऑपरेशनच्या तीन दिवस आधी ती बंद करतो, ते याचसाठी.) बेसल इन्सुलिन (दिवसभर हळूहळू काम करणारं) साधारण १५ ते ३० टक्के कमी करा, टाइप १ला पूर्ण बंद कधीच नाही.

रोज्यालाही हेच गणित, फक्त मुख्य डोस इफ्तारला. तयारी सहा ते आठ आठवडे आधी सुरू करा. बोटातून रक्त तपासल्याने रोजा तुटत नाही, असंच बहुतेक उलेमा सांगतात; पेशंटला हे माहीत नसतं, म्हणून तो तपासत नाही. उपास सोडायचा आकडा कागदावर लिहून द्या : ७०च्या खाली किंवा ३००च्या वर. ७०च्या खाली असेल तर तीन चमचे साखर पाण्यातून, १५ मिनिटांनी पुन्हा तपासणी.

पाय_तपासा
अनवाणी राहायचा प्रश्न साखरेपेक्षा वाईट आहे. पायाला संवेदना नसेल तर डांबरी रस्त्यावर फोड येतो आणि घरी पोचेपर्यंत कळतही नाही. नवरात्राच्या पंधरा दिवस आधी १० ग्रॅमचा मोनोफिलामेंट (संवेदना तपासायचा नायलॉनचा तंतू) तळव्याला लावून बघा. जाणवत नसेल तर स्पष्ट सांगा, पण पर्याय घेऊन. बऱ्याच जणांचा नेम मुळात चामडं न घालण्याचा असतो. एमसीआर चपलेचा (मधुमेहींसाठीची मऊ चप्पल) तळ रबराचा असतो, पट्टे रेक्झिनचे लावून मिळतात. 'चामडं नाही, चालेल का?' विचारा, बरेच तयार होतात. अनवाणी फक्त देवळाच्या आत, तेही सकाळी फरशी तापायच्या आधी, आणि रात्री आरशात तळवे बघायचे.

सर्जन_नाशिकरोड
मुहूर्ताशी भांडू नका, तारखा तुम्ही ठरवा. सिझेरियनला ३९ आठवडे पूर्ण झाल्यावरच्या चार-पाच तारखा द्या, त्यातली गुरुजींना निवडू द्या. त्याआधी काढलेल्या बाळाला धाप लागण्याची, काचेच्या पेटीत ठेवावं लागण्याची शक्यता वाढते. पहाटे चारचा मुहूर्त घेऊ नका, भूल आणि रक्तपेढीची माणसं पूर्ण हजर नसतात. पितृपक्षात मोतीबिंदू थांबतो, न दुखणारा हर्निया थांबतो. हर्नियाची गाठ आत जात नाही आणि उलट्या होताहेत, तर त्याच रात्री. बायोप्सी ढकलायची म्हणत असतील तर घटस्थापनेनंतरची तारीख तिथेच हातात द्या, नाहीतर माणूस दिवाळीनंतर उगवतो.

ताईत, गंडादोरा न विचारता कापू नका. सोडून डबीत घालून नातेवाइकाच्या हातात द्या. एमआरआयला धातूचा ताईत चालतच नाही.

तर्कट
सगळं ठीक, पण सांभाळून घेण्यालाही हद्द असते. साप, विंचू किंवा कुत्रा चावलेल्याला दवाखान्यापासून अडवून मंत्रतंत्र करणं हा २०१३च्या जादूटोणाविरोधी कायद्यात गुन्हा आहे. पेठ-सुरगाण्यासारख्या आदिवासी भागात भगताशी (गावच्या मांत्रिकाशी) वाद घालत बसू नका, त्यालाच गाडीत घ्या. अंगारा वाटेत लावू दे, लस सुटता कामा नये. आणि स्वतःचा धर्म टेबलावर आणू नका. गर्भपात किंवा नसबंदी वैद्यकीय कारणासाठी असेल तर केवळ धर्माच्या कारणावरून नकार देता येत नाही, हे मेडिकल कौन्सिलच्या २००२च्या नियमांत आहे. पेशंट प्रार्थना करत असेल तर गप्प उभे राहा, स्वतःहून सुचवू नका.

पंचवटी_ओपीडी
मावशीचं वाक्य उचललं. एक राहिलं : केमो चालू असलेले पेशंट रामकुंडाचं तीर्थ आणि पंचामृत घेतात. काय सांगू?

शुगर_क्लिनिक
केमोनंतर साधारण सातव्या ते चौदाव्या दिवसात पांढऱ्या पेशी सर्वांत कमी असतात. त्या काळात कुंडाचं पाणी पोटात नको, कपाळाला लावू दे, पण पोर्ट किंवा लाइनच्या (केमो देण्यासाठी शिरेत बसवलेली नळी) जवळ नाही. पंचामृत कच्च्या दुधाचं नको. घरी उकळून गार केलेल्या पाण्यात तुळस धुऊन घालून तीर्थ करता येतं.