‘एक्झेम्प्लिफाइड कॉपी’त उदाहरण कुठून आलं?

कागदवाली:
कोल्हापुरात कागदपत्रांची भाषांतरं करते. सध्या न्यूयॉर्कच्या सरोगेट कोर्टातलं (मृत्युपत्रं, वारसा बघणारं कोर्ट) एक प्रोबेट, म्हणजे मृत्युपत्र खरं असल्याचा कोर्टाचा निर्वाळा, हातात आहे. वर ठळक छापलंय ‘एक्झेम्प्लिफाइड कॉपी’. खाली क्लार्कची सही, मग न्यायाधीशांची, मग पुन्हा क्लार्कची. कोशात ‘एक्झेम्प्लिफाय’पुढे ‘उदाहरण देणे’ एवढंच. मृत्युपत्र कशाचं उदाहरण असणार? कागद वारसांच्या हातात जाणार आहे, अंदाजाने शब्द घालायचा नाही. कुणी मूळ सांगेल का?

पिंपळपान:
लॅटिनमध्ये ‘एमेरे’ म्हणजे घेणे, ‘एक्झिमेरे’ म्हणजे बाहेर काढणे. त्यातून ‘एक्झेम्प्लुम’, म्हणजे पुष्कळातून वेगळा काढलेला नमुना. ‘सॅम्पल’ हा त्याचाच फ्रेंचमार्गे झिजलेला अवतार, आणि करातून ‘एक्झेम्प्ट’ झालेला माणूसही असाच बाहेर काढलेला. पुढे ‘करणे’ या अर्थाचा ‘फाकेरे’ जोडून मध्ययुगीन लॅटिनात ‘एक्झेम्प्लिफिकारे’ झालं, तेच पंधराव्या शतकात इंग्रजीत आलं.
तुमच्या प्रश्नाचं उत्तर ‘एक्झेम्प्लुम’मध्येच आहे. ज्यावरून नक्कल करायची तो नमुना आणि त्यावरून उतरलेली नक्कल, दोन्हींना तोच शब्द. फ्रेंचमध्ये पुस्तकाच्या प्रतीला अजून ‘एग्झांप्लेर’च म्हणतात. कोर्टाने ‘प्रत’ हा अर्थ धरून ठेवला, बाकी जगाने ‘उदाहरण’.

जुना नाझर:
कोर्टाच्या नक्कल विभागात माझी नोकरी झाली, म्हणून जरा सविस्तर लिहितो. त्या तीन सह्या शोभेच्या नाहीत. पहिली म्हणते, ही नक्कल मुळाबरहुकूम आहे. दुसरीत न्यायाधीश सांगतात की सही करणारा खरोखर या कोर्टाचा क्लार्क आहे आणि दाखला रीतसर आहे. तिसरीत क्लार्क न्यायाधीशांच्या सहीची खात्री देतो. परक्या राज्यातल्या कोर्टाला ना हा क्लार्क ठाऊक, ना तो न्यायाधीश, म्हणून एवढी साखळी. बाई, ‘साक्षांकित प्रत’ अजिबात लिहू नका. ते वाचून लोकांना झेरॉक्सवरचा शिक्का आठवतो आणि कागदाचं वजनच जातं. ‘न्यायालयाच्या मुद्रेसह त्रिस्तरीय प्रमाणित प्रत’ लिहा, शेजारी मूळ शब्द देवनागरीत ठेवा.
आणि आपला ‘दाखला’ बघा! तुकोबांचा दाखला देतो तोही दाखला, तलाठ्याकडचा तोही दाखलाच. व्युत्पत्ती निराळी, पण दोन्ही अर्थ एकाच शब्दात नांदतात.

शाळामास्तर:
रोजच्या इंग्रजीत या क्रियापदाचा कर्ता बहुधा स्वतःच उदाहरण असतो. मुंबईचं छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनस व्हिक्टोरियन गॉथिक शैली ‘एक्झेम्प्लिफाय’ करतं, असं. मुलं निबंधात ‘मी आता एक्झेम्प्लिफाय करतो’ लिहितात. व्याकरणात चुकत नाही, पण कानाला जड लागतं. तिथे साधं ‘गिव्ह ॲन एक्झाम्पल’ शिकवावं.

कागदवाली:
नाझरकाका, ‘त्रिस्तरीय’ घेतलं. शिवाय प्रत्येक सहीखाली ती कशाची खात्री देते तेही कंसात लिहिते, वारसांना पुन्हा विचारत बसायला नको.