'माणसांवर विश्वास आहे का?' हे मोजायचं तरी कसं?

डिचोलीचीबाय: एम.ए.च्या प्रकल्पासाठी म्हापशाजवळच्या एका वाड्यावर ४० घरं फिरले. प्रश्न वर्ल्ड व्हॅल्यूज सर्व्हेतला, १९८१ पासून देशोदेशी विचारतात तोच: बहुतेक माणसांवर विश्वास ठेवता येतो, की जपूनच राहावं लागतं? एक आजी चटकन म्हणाली, "जपूनच रावचें पडटा गो." मी खूण केली. लगेच तिने बाजाराची पिशवी उचलली आणि घराची चावी कुंपणावरून शेजारच्या ख्रिस्ती बाईकडे टाकली. तिनेही न बघता झेलली! कडीला पोदेरासाठी (पाववाल्यासाठी) टांगलेली पिशवी, आत सुटे पैसे. पुढे भाड्याच्या खोलीतला ओडिशाचा मुलगा मात्र अर्ध्या दारातून "हो हो, विश्वास आहे" म्हणाला. माझ्या तक्त्यात आजी अविश्वासू, हा विश्वासू. चुकतंय कोण?

सासष्टीकर: हातात कागद बघून त्याला तू भाडेकरूंची पडताळणी करणारी वाटली असशील. तो 'हो'च म्हणणार. आजीचं वेगळं. 'बहुतेक माणसं' म्हटल्यावर तिच्या डोळ्यांपुढे भायले, म्हणजे बाहेरून आलेले, आले असणार. २००५ नंतरच्या फेऱ्यांत हा प्रश्न फोडलाय: घरचे, शेजारी, ओळखीचे, पहिल्यांदा भेटलेले, परधर्माचे, परदेशी. तू शेवटच्या जागी 'परराज्यातले' घाल.

डिचोलीचीबाय: मार्गदर्शक म्हणतात अमेरिकी राज्यशास्त्रज्ञ रॉबर्ट पटनमचा २००७ चा लेख लाव, वैविध्य वाढलं की विश्वास घटतो.

फोंड्याचा_मास्तर: बाय, तो अमेरिकेतल्या वस्त्यांवरचा, आणि घट सुरुवातीच्या काळापुरती असं त्यानेच म्हटलंय. ते अर्धं सगळे विसरतात. शिवोलीच्या जागराला हिंदू-ख्रिस्ती पिढ्यान्‌पिढ्या एकत्र उभे राहतात, पण तो मेळ जुन्या गावकऱ्यांचा. खोलीतल्या मुलाला तिथे कोण बोलावतं, ते विचार. आणि नुसतं विचारू नको, वागणं टिपून घे. २०१९ च्या एका प्रयोगात ४० देशांत १७ हजारांवर 'हरवलेली' पाकिटं दिली, तर पैसे असलेली जास्त परत आली. तोंडी उत्तरांवरून कुणाला वाटलं असतं?

डिचोलीचीबाय: काल परत गेले. शेजारणीवर विश्वास आहे का विचारलं, तर आजी चिडलीच. "ही विचारपाची गजाल काय?" मग त्या मुलाचं विचारलं. थोडा वेळ गप्प. "भरवसो न्हय गो. पूण म्हज्या बांयचें उदक व्हरता तो." म्हणजे भरवसा नाही, पण तिच्या विहिरीचं पाणी तो नेतो. मास्तर, हे कुठल्या रकान्यात भरू?