मदत हवी आहे: जुना फ्रिज ६५०० ला मिळतोय, घेऊ का?

मुक्ता_के
सिंगल डोअर फ्रिज आहे, चालू. बाई ६५०० म्हणतायत. शनिवारी त्या घर सोडून जाणार आणि उद्या दुसरं कुणीतरी बघायला येणार आहे म्हणे, त्यामुळे मला आज रात्रीच हो-नाही सांगायचंय. घेऊ का? पटकन सांगा प्लीज. "फ्रिजची खरंच गरज आहे का" टाइप उत्तरं नकोत.

सदाशिवकर
कंपनी, लिटर, साल, गाव यातलं काहीही न सांगता "घेऊ का". घ्या. अभिनंदन.

आजीचा_बटवा
नको म्हणालात तरी विचारते, गरज आहे का हो? आमच्याकडे कित्येक वर्षं माठच होता. दूध दोन वेळा तापवायचं, भाजी रोजची रोज आणायची, कोथिंबीर ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवायची. चार दिवस टिकते.

मुक्ता_के
पुणे. १९० लिटर. साल विचारते. आजी, मी सकाळी साडेसातला बाहेर पडते ती रात्री आठला घरी येते. दूध दोन वेळा कोण तापवणार?

ठाणेकर_बाब्या
६५०० फार होतात. नवा साधा सिंगल डोअर सेलमध्ये चौदा-पंधरा हजारांत येतो, बिनव्याजी हप्त्यावर. जुन्याला वॉरंटी नाही. वर टेम्पो. पुण्यात छोटा हत्ती हजार-बाराशेच्या खाली येत नाही, वर दोन हमालांचे वेगळे. म्हणजे फ्रिज घरात येईपर्यंत साडेआठ झाले. त्यापेक्षा नवा घ्या आणि निवांत झोपा.

भोसरीचा_मिलिंद
बाब्या, बाराशे कशाला लागतात? अंतर कमी असेल तर सहाशेतही येतात. मात्र मुक्ता, फ्रिज आडवा टाकून आणू देऊ नका. कॉम्प्रेसरमधलं ऑइल पाइपात जातं.

ठाणेकर_बाब्या
आम्ही गाडीच्या टपावर आडवा बांधून कल्याणहून आणला होता. अजून चालतोय.

भोसरीचा_मिलिंद
तुमचं नशीब. आणल्यावर लगेच लावला असतात तर कळलं असतं. आडवा आणावा लागलाच तर निदान चार-पाच तास उभा करून ठेवायचा, मगच पिन लावायची.

कोकणी_मेवा
चाकाच्या ट्रॉलीवर बांधून रात्री रस्त्याने ढकलत आणता येतो. कॉलेजात असताना आम्ही वॉशिंग मशीन असंच नेलं होतं. पोलिसांनी अडवून विचारलं, कुणाचं आहे. पावती नव्हती.

मुक्ता_के
अहो टेम्पो कशाला? त्या बाई आमच्याच बिल्डिंगमध्ये राहतात. त्या दुसऱ्या मजल्यावर, मी तिसऱ्या.

सदाशिवकर
धन्य आहे. आता तेवढी कंपनी सांगा, नाहीतर पुढची चर्चा जिन्याच्या रुंदीवर जाईल.

मुक्ता_के
कंपनी चांगलीच आहे, त्याने काय फरक पडतो? लेबलवर २०१३ लिहिलंय, ५ स्टार. आणि महत्त्वाचं राहिलं, गेल्या महिन्यातच गॅस भरून घेतलाय, पावती दाखवली. म्हणजे आता बरीच वर्षं बघायला नको ना?

गारवा_रिपेरिंग
ताई, मी फ्रिज-एसीचीच कामं करतो. फ्रिजचा गॅस स्कूटरच्या पेट्रोलसारखा संपत नाही. सगळी पाइपलाइन बंद असते, एकदा भरलेला गॅस फ्रिज मरेपर्यंत तोच. भरायची वेळ आली म्हणजे कुठून तरी गळला. तेव्हा पावतीवर गॅसचे पैसे बघू नका, लीक कुठे होता आणि तो काढला का ते बघा. नुसताच गॅस भरला असेल तर दोन-चार महिन्यांत परत तेच.

सिंगल डोअरमध्ये बहुतेक वेळा कारण एकच असतं. फ्रीझरमध्ये बर्फ साचतो, डिफ्रॉस्टचं बटण दाबून वाट बघायला कुणाला वेळ नसतो, मग सुरीने नाहीतर उलथन्याने खरवडतात. आत पातळ ॲल्युमिनियमचा पत्रा असतो, त्यातूनच गॅसची वाट गेलेली असते. एक टोचा बसला की संपलं. फ्रीझर रिकामा करायला सांगा, बर्फ वितळू द्या आणि टॉर्च मारून बघा. पत्र्यावर ओरखडे किंवा राखाडी ठिगळ दिसलं तर ते एमसील. त्यावर फ्रिज चालतो, नाही असं नाही, पण किती दिवस ते लावणाऱ्यालाही माहीत नसतं.

दुसरं, मागे कॉम्प्रेसरवरचा स्टिकर वाचा. आर ६००ए लिहिलं असेल आणि पावतीवर आर १३४ए असेल तर घेऊ नका. चुकीचा गॅस कोंबलाय.

ठाणेकर_बाब्या
म्हणजे घेऊ नकाच. मी पहिल्यापासून हेच सांगतोय.

गारवा_रिपेरिंग
मी तसं म्हटलं नाही. बघून घ्या म्हटलं.

आजीचा_बटवा
सुरीने बर्फ काढणारे आमच्या घरातही आहेत. नाव घेत नाही. हा प्रतिसाद त्यांना वाचायला दिलाय.

सावध_नागरिक
कृपया लक्ष द्या! जुन्या वस्तूंच्या व्यवहारात समोरचा क्यूआर कोड पाठवतो आणि "स्कॅन करा, पैसे तुमच्या खात्यात येतील" म्हणतो. पैसे घ्यायला पिन कधीच टाकावा लागत नाही, पिन टाकला की पैसे जातात. मिलिटरीत आहे, बदली झालीय, असं सांगणारे तर हमखास. फसलात तर लगेच १९३० या सायबर हेल्पलाइनवर फोन करा.

सदाशिवकर
माहिती सोळा आणे खरी. पण इथे ताई घेणाऱ्या आहेत आणि विकणाऱ्या बाई एक जिना खाली आहेत.

एडिसनचा_सुहास
आमच्याकडे न्यू जर्सीत महिनाअखेरीला अपार्टमेंट बदलणारे लोक सोफा, दिवे, टीव्ही स्टँड सरळ फुटपाथवर ठेवून जातात, "फ्री" अशी चिठ्ठी लावून. आमचं पहिलं डायनिंग टेबल तसंच आलं. फक्त गाद्या आणि सोफे उचलायचे नाहीत, ढेकूण येतात. इथल्या देशी मंडळींच्या ग्रुपवर तर प्रेशर कुकर आणि इडलीपात्रंही मिळतात. भारतात ही पद्धत का नाही?

सदाशिवकर
मुक्ताताई, पासपोर्ट काढा.

कोकणी_मेवा
भारतात फुटपाथवर ठेवलं तर भंगारवाला दहा मिनिटांत नेतो, चिठ्ठी लिहायला वेळच मिळत नाही. आणि पद्धत कशी नाही? बोहारीण काय होती? दोन जरीच्या साड्या आणि एक पँट देऊन आईने स्टीलचं पातेलं घेतलं होतं. तासभर घासाघीस, बोहारीण दोनदा टोपली उचलून निघाली, दोनदा परत आली.

आजीचा_बटवा
आमच्याकडची अजून येते. पण आता तिला कॉटन नको असतं. आणि पातेली फार पातळ झालीत हो. दूध लागतं खाली.

भोसरीचा_मिलिंद
पुण्यात असाल तर मंगळवार पेठेच्या बाजूला जुना बाजार भरतो, बुधवारी आणि रविवारी. फ्रिजसाठी नाही म्हणत, पण पान्हे, कुलपं, पितळी भांडी, पंख्याचे सुटे भाग हवे असतील तर सकाळी लवकर जा. मी तिथून जर्मन बनावटीचा पक्कड घेतला होता, नव्याच्या पावपट किमतीत.

आकडेमोड्या
विषयावर येऊ या. २०१३ चे पाच स्टार आजचे पाच नाहीत. बीईई, म्हणजे हे तारे ठरवणारी सरकारी संस्था, ठराविक वर्षांनी निकष कडक करते, त्यामुळे जुना पाच स्टार आजच्या मोजणीत बराच खाली येतो. तारे सोडा, लेबलवर वर्षाला किती युनिट ते छापलेलं असतं, ते सांगा.

मुक्ता_के
२९० युनिट लिहिलंय बहुतेक, आकडा पुसट आहे.

आकडेमोड्या
माझ्या घरच्या तेवढ्याच लिटरच्या फ्रिजवर १६० आहे. फरक १३० युनिट. युनिटला दहा रुपये धरले तर वर्षाला १३००. जुना पाच हजारांना मिळाला आणि नवा पंधराला, तर दहा हजारांचा फरक विजेतून भरून निघायला साडेसात वर्षांहून जास्त लागतील. म्हणजे "नवा घ्या, वीज वाचते" हे गणित बसत नाही. अर्थात लेबलवरचा आकडा फ्रिज नवा असतानाचा आहे. दाराचं रबर सैल झालं असेल तर प्रत्यक्षात जास्त ओढेल.

ठाणेकर_बाब्या
रिपेरिंगचा खर्च कुठे धरलात? आणि महावितरणला शंभर युनिट ओलांडले की वरच्या युनिटचा दर किती वाढतो ते बघा. दहा रुपये कसले?

मुक्ता_के
महावितरण नाही. घरमालकाचा सबमीटर आहे, तो सरसकट १२ रुपये घेतो. आणि साडेसात वर्षं कशाला मोजताय? मी मे महिन्यापर्यंतच आहे इथे. मग सांगलीला परत जाणार, तिथे घरी फ्रिज आहे.

आकडेमोड्या
मग माझा वरचा प्रतिसाद रद्द समजा. मे पर्यंत म्हणजे सात-आठ महिने. बारा रुपयांनी जास्तीची वीज हजाराच्या आसपास. आता प्रश्न असा, की मे महिन्यात तो परत कितीला विकाल.

ठाणेकर_बाब्या
हे पहिल्याच पोस्टमध्ये लिहिलं असतंत तर मी हप्त्याचं बोललोच नसतो. मग भाड्याने का घेत नाही? महिन्याला भाडं भरा, जाताना ते उचलून नेतात.

मुक्ता_के
चौकशी केली. भाडं, वर डिपॉझिट, वर डिलिव्हरीचे वेगळे. मे पर्यंतचे धरून या बाईंच्या किमतीच्या पुढे जातं.

गारवा_रिपेरिंग
मे पर्यंतच हवा असेल तर गोष्ट वेगळी. आत्ता खाली जाऊन एवढं बघून या. दारात दहाची नोट अर्धी बाहेर ठेवून दार लावा आणि ओढा, सहज निघाली तर त्या जागी रबर गेलंय. चारी बाजूंनी करा. मग अर्धा तास तिथेच बसा. चहा मागा हवं तर. थर्मोस्टॅट (थंडी कमी-जास्त करायचं बटण) मध्यावर ठेवा, दार उघडू नका आणि मोटर आपोआप बंद होते का ऐका. टक् असा आवाज येऊन शांत झाली पाहिजे. न थांबता घरघरत राहिली तर गॅस कमी आहे किंवा थर्मोस्टॅट गेलाय. बाजूचे पत्रे कोमट लागले तर घाबरू नका, कॉइल आतच असते. हात लावताना पायात चप्पल ठेवा, जुन्या फ्रिजला गंज असला आणि अर्थिंग नसलं तर झिणझिण्या येतात.

मुक्ता_के
जाऊन आले. चहा झाला, पोहेही झाले. नोट खालच्या उजव्या कोपऱ्यात सहज निघते, बाकी घट्ट. मोटर थांबते, पण बऱ्याच वेळाने. फ्रीझरमध्ये डाव्या बाजूला अंगठ्याएवढं राखाडी ठिगळ आहे, तुम्ही म्हणालात तसंच. कॉम्प्रेसरवर आणि पावतीवर दोन्हीकडे आर १३४ए. बाई म्हणाल्या, मेकॅनिकने "लाइफटाइम" सांगितलंय.

गारवा_रिपेरिंग
गॅस बरोबर भरलाय आणि मोटर थांबते, म्हणजे सध्या ठिगळ धरून आहे. लाइफटाइम कुणाच्या, ते त्याने सांगितलं नसेल. रबर त्या कोपऱ्यात हेअर ड्रायरने गरम करून बोटाने बाहेर ओढा, बऱ्याचदा बसतं. किंमत मात्र अडीच हजार, फार तर तीन. ठिगळ बाईंना दाखवून बोला. फ्रीझरचा अख्खा भाग बदलायचा झाला तर तेवढाच खर्च येतो.

ठाणेकर_बाब्या
ठिगळ लावलेली वस्तू घ्यायचीच कशाला? तीन हजार पाण्यात.

भोसरीचा_मिलिंद
मे पर्यंत चालला तरी वसूल. नाही चालला तर भंगारात कॉम्प्रेसरचे पैसे येतातच.

सदाशिवकर
आणि शेजारधर्म म्हणून पोहे आधीच वसूल झालेत.

मुक्ता_के
२८०० ला ठरला. ६५०० वरून आधी चारवर आल्या होत्या, मी ठिगळावर टॉर्च धरून उभी राहिले. शनिवारी सकाळपर्यंत चालू ठेवणार आहेत, ट्रेमधलं पाणी गोठलं असेल तरच पैसे देणार. त्यांचा स्टॅबिलायझरही याच पैशांत देतायत. गारवादादा, खूप आभार. आता वर चढवायला दोन माणसं लागतील, जिना अरुंद आहे.

सदाशिवकर
जिना आलाच.

गारवा_रिपेरिंग
दार काढून घ्या, वजन कमी होतं आणि वळणावर अडकत नाही. वर-खाली बिजागरीचे स्क्रू असतात. आतल्या काचा आणि भाजीचा ट्रे आधी वेगळे न्या. तिरका करावा लागेलच, वर नेल्यावर दोन-तीन तास थांबून लावा.

आजीचा_बटवा
मे मध्ये विकणार असाल तर मला व्यक्तिगत निरोप करा. भाच्याला हवाय, तोही पुण्यातच असतो, कर्वेनगरला. तुम्ही कुठे?

एडिसनचा_सुहास
बोहारीण अजून येते हे वाचून फार बरं वाटलं. तिला जुनी जीन्स चालते का? पुढच्या महिन्यात येतोय, एक बॅग भरून आहे.

वऱ्हाडी_ठसका
मुक्ताताई, वरचे प्रतिसाद काही वाचले नाहीत, पण माझ्याकडे १९० लिटरचा आहे, एकदम टकाटक, चार हजारांत देतो. नागपूर, मानेवाडा. या अन् घेऊन जा न.