प्रिंटला ‘प्रत’ म्हणायचं का? शिवाय ‘बर्न’ आणि ‘निर्णायक क्षण’

रंकाळाकाठ
कोल्हापूरच्या शाहू स्मारकात फोटोग्राफीच्या पोरांसाठी स्लाइड शो आहे. ॲन्सेल ॲडम्स, एडवर्ड वेस्टन आणि कार्तिए-ब्रेसाँ या तीन जुन्या फोटोग्राफरांचे फोटो. पाट्या मराठीत हव्यात, आणि तीन ठिकाणी गाडी अडलीय. प्रिंटला ‘प्रत’ लिहू का? ‘डॉजिंग-बर्निंग’ला (प्रिंट काढताना एखाद्या भागाला उजेड कमी किंवा जादा देणं) कुणीतरी ‘उजळणे-जाळणे’ सुचवलंय, ते चालेल? आणि ब्रेसाँच्या पुस्तकाच्या नावासाठी ‘निर्णायक क्षण’ सगळीकडे छापून येतं, पण कानाला खटकतं.

लाल_बल्ब
‘प्रत’ नको. प्रत म्हटली की सातबाऱ्याची प्रत डोळ्यासमोर येते; म्हणजे मूळ दुसरीकडं, हातात नुसती नक्कल. ॲडम्सच्या बाबतीत हे साफ उलटं आहे.

त्यांचा ‘मूनराइज, हर्नांदेझ’ घ्या: हर्नांदेझ गाव, पुढं थडगी, वर उगवलेला चंद्र. १ नोव्हेंबर १९४१ ची संध्याकाळ. (वर्ष ॲडम्सनाही धड आठवत नसे; तारीख नंतर चंद्राच्या जागेवरून गणित करून काढली.) ८ बाय १० इंचाचा कॅमेरा लावला, पण लाइट मीटर सापडेना. चंद्राची उजळता दर चौरस फुटाला २५० कँडल एवढी पाठ होती, त्यावरून हिशेब केला: लेन्सचं छिद्र एफ/३२, १ सेकंद, पिवळा फिल्टर. दुसरी निगेटिव्ह घेईपर्यंत थडग्यांच्या क्रुसांवरचं ऊन गेलं होतं.

निगेटिव्ह एका सेकंदात झाली, प्रिंट मात्र पुढं तीसेक वर्षं बदलत राहिला. निगेटिव्हवर थडग्यांचा पुढचा भाग फार पातळ आला होता, म्हणून १९४८ मध्ये निगेटिव्हचा खालचा भाग रसायनानं दाट करून घेतला. सुरुवातीच्या प्रिंटांत आभाळ करडं आहे, ढगांच्या रेघा दिसतात. १९७० च्या आसपासच्या प्रिंटांत तेच आभाळ जवळजवळ काळं. निगेटिव्ह एकच, चित्रं दोन. यातली ‘प्रत’ कुठली आणि मूळ कुठलं? ‘प्रिंट’च लिहा, आणि पाटीवर निगेटिव्हचं साल व प्रिंटचं साल वेगवेगळं टाका. एकच साल टाकलं की बघणारा १९४१ चं आभाळ म्हणून १९७० चं आभाळ बघतो.

टिपकागद
‘प्रत’चा एक अर्थ सुटला: उच्च प्रतीचा गूळ, हलक्या प्रतीचा गूळ. पण पाटीवर तो अर्थ आपणहून कुणाला सुचणार नाही, तेव्हा ‘प्रिंट’लाच माझंही मत.

खरी गंमत ‘काढणे’मध्ये आहे. आपण चित्र काढतो, फोटो काढतो, प्रिंटही काढतो. तिन्हीला एकच क्रियापद, त्यामुळं ‘हा फोटो ॲडम्सनी काढला’ म्हणताना नेमकं कुठलं काम सांगतोय ते कळतच नाही. पाटीवर ‘निगेटिव्ह १९४१, प्रिंट त्यांच्याच हातचा’ असं फोडून लिहा.

लाल_बल्ब
आता ‘जाळणे’. हे तर अजिबात नको. लग्नाच्या फोटोत ‘चेहरा बर्न झाला’ म्हणजे पांढराफटक पडला. डार्करूममध्ये बर्न केलं की तो भाग काळा होतो. एन्लार्जरखाली (निगेटिव्हचं मोठं चित्र कागदावर पाडणारं यंत्र) कागदावर जेवढा जास्त उजेड, तेवढा कागद काळा. एकच शब्द, अर्थ बरोबर उलटा, पोरं गोंधळणारच.

त्यापेक्षा काम काय होतं तेच लिहा: ‘उजेड अडवणे’ आणि ‘जादा उजेड देणे’. समजा ५-५ सेकंदांच्या पट्ट्या पाडून टेस्ट स्ट्रिप (उजेडाची वेळ ठरवायचा चाचणी-तुकडा) केली आणि २० सेकंद बरोबर निघाले. त्या वीसातले ४ सेकंद चेहऱ्यावरचा उजेड तारेला लावलेल्या पुठ्ठ्याच्या टिकलीनं अडवायचा. मग भोक पाडलेला पुठ्ठा धरून फक्त आभाळाला १० सेकंद जादा. पुठ्ठा सतत हलता हवा. एका जागी धरला की कड उमटते आणि डोक्याभोवती पांढरं वलय दिसतं. फार वेळ अडवला तर सावल्या काळ्या राहत नाहीत, राखेसारख्या होतात. आणि ओल्या प्रिंटवर निकाल देऊ नका. फायबर कागद वाळल्यावर गडद होतो, म्हणून उजेड आठ-दहा टक्के कमी धरतात.

टिपकागद
‘निर्णायक क्षण’ हा इंग्रजी नावाचा तर्जुमा आहे. १९५२ च्या त्या पुस्तकाचं फ्रेंच नाव ‘इमाज आ ला सोव्हेत’. ‘आ ला सोव्हेत’ म्हणजे गडबडीत, गुपचूप. विनापरवाना फेरीवाल्यांच्या विक्रीलाही हेच म्हणतात. महाद्वार रोडवर महापालिकेची गाडी दिसताच चादरीची चार टोकं धरून माल उचलणारा माणूस आठवा, तो भाव आहे. ‘निर्णायक’मध्ये कोर्टाचा निकाल येतो, नाहीतर शेवटची ओव्हर.

मी ‘नेमका क्षण’ लिहीन, आणि क्रियापद ‘टिपणे’. चिमणी दाणा टिपते तसं: एक चोच, काम झालं. १९३२ चा सँ-लाझार स्टेशनमागचा उडी मारणारा माणूस असाच टिपलाय, कुंपणाच्या फटीतून. फट अरुंद होती, म्हणून फ्रेमची कड कापावी लागली. एरवी ब्रेसाँ फ्रेम कापू देत नसत. पण ॲडम्ससाठी ‘टिपला’ लिहू नका. तिपाईवर ८ बाय १० चा कॅमेरा लावून कुणी टिपत नाही.

रंकाळाकाठ
पटलं. राहिला वेस्टन. १९३० चा ‘पेपर नंबर ३०’ (पेपर म्हणजे इथं मिरची), पत्र्याच्या नरसाळ्यात ठेवलेला. ‘सिमला मिरची क्र. ३०’ लिहू?

लाल_बल्ब
कोल्हापुरात आणि सिमला? ढबू लिहा. तो ढबूपणाच तर फोटोचा विषय आहे. आणि ‘एन्लार्ज केलेला’ लिहू नका. वेस्टन निगेटिव्ह थेट कागदावर दाबून प्रिंट काढायचे, त्यामुळं प्रिंट निगेटिव्हएवढाच. तो भिंतभर दाखवणार असाल तर मूळ माप पाटीवर हवंच.

रंकाळाकाठ
‘ढबू मिरची क्र. ३०. निगेटिव्ह १९३०. निगेटिव्हएवढा प्रिंट, सुमारे ८ बाय १० इंच. पडद्यावर मोठा दिसतो.’ छापायला टाकतो.

टिपकागद
टाका. पुण्याचे पाहुणे विचारतीलच, तेव्हा एक ढबू टेबलावर ठेवा.