रक्ताचा बाप, कायद्याचा बाप

"डीएनए चाचणी केली की बाप ठरला, मग कोर्टकचेरी कशाला?" असा प्रश्न आलाय, त्याचं हे उत्तर.

कायद्याला मुळात जीवशास्त्राशी फारसं देणंघेणं नव्हतं. रोमन काळापासूनचा ठोकताळा असा: आई कोण हे दिसतंच, बाप म्हणजे तिचा नवरा. हे गृहीतक आजही बऱ्याच देशांत आहे, आणि ते खोडून काढायचं ओझं नाकारणाऱ्यावर.

मासलेवाईक उदाहरण नट चार्ली चॅप्लिनचं. एका मुलीचा बाप तोच, असा दावा त्याच्यावर झाला. आईचा रक्तगट ए, मुलीचा बी, चॅप्लिनचा ओ. मग बी आला कुठून? त्याच्याकडून तर नक्कीच नाही! तरी १९४५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या ज्यूरीने त्यालाच बाप ठरवलं आणि मुलगी २१ वर्षांची होईपर्यंत खर्च त्याच्या गळ्यात पडला. रक्तगटाचा पुरावा तेव्हा तिथे निर्णायक मानतच नसत.

अर्थात रक्तगट फार तर "हा नव्हे" एवढंच सांगायचा. "हाच" असं जवळपास खात्रीने म्हणता येऊ लागलं ते १९८४ मध्ये ब्रिटिश शास्त्रज्ञ अलेक जेफ्रीज यांनी डीएनए फिंगरप्रिंटिंग (डीएनएवरून माणसाची ओळख पटवण्याची पद्धत) शोधल्यानंतर.

आणि उलटही होतं बरं का. डीएनए चाचणी वीर्यदात्यालाच बाप ठरवेल, पण रीतसर क्लिनिकमार्फत दान केलं असेल तर अनेक देशांत कायद्याने तो बाप नाहीच.