सिकलसेलचं दुखणं आणि 40 टक्क्यांची रेघ

वैनगंगाकाठ

कालच्या पोस्टला उत्तर द्यायचं नाही असं ठरवलं होतं, पण राहवलं नाही. त्या पोस्टचं म्हणणं असं: सिकलसेलचा पेशंट चालतो, बोलतो, मोटारसायकल हाकतो, महिन्यातले चार दिवस दुखतं म्हणून तो दिव्यांग कसा? दुखणं मोजता येत नाही, तर त्याला दिव्यांगत्वाचे टक्केही नकोत, तरी हे लोक ते मागतात.

2016 च्या दिव्यांग हक्क कायद्यातल्या 21 प्रकारांत सिकलसेल नावानिशी आहे. हिमोफिलिया आणि थॅलेसेमियाही आहेत. तेव्हा "मागतात" हा शब्दच चुकीचा आहे. आता चार दिवसांचं दुखणं. ऑक्सिजन कमी पडला की पेशंटच्या तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात, ताठ होतात आणि बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात. पुढच्या हाडाला रक्त पोचत नाही, दुखतं ते त्यामुळे. थंडी, ताप, अतिश्रम, पाणी कमी पिणं, यातलं एकही निमित्त पुरतं. भंडारा-गोंदियाकडे धानाच्या रोवणीत तीन निमित्तं एकाच दिवशी जमतात: वरून पाऊस, दिवसभर वाकलेली कंबर, आणि बांधावरची पाण्याची बाटली दुपारपर्यंत भरलेलीच. संध्याकाळी मांड्या आणि पाठ धरते, रात्री पॅरासिटामॉलने भागत नाही, सकाळी सलाइन आणि ट्रॅमाडॉलसाठी ग्रामीण रुग्णालय गाठावं लागतं. मजुरीही फक्त चार दिवसांची बुडत नाही. ठेक्यावर रोवणी घेतलेल्या टोळीत मध्येच पडलेल्याची जागा लगेच भरली जाते.

आणि टक्के ठरवणाऱ्या वैद्यकीय बोर्डाच्या तारखेला हा माणूस बरा असतो. दुखणं उसळलेलं असेल तर तो जिल्ह्याच्या ठिकाणी पोचतच नाही. बोर्ड त्याला नेहमी चांगल्या दिवशीच बघतं, आणि फाइलवर तोच दिवस लिहिला जातो.

गोनिओमीटर

बोर्डावर राग काढणं सोपं आहे. प्रमाणपत्र कायमच्या अपंगत्वाचं असतं, त्या दिवशीच्या त्रासाचं नाही. सांधा किती अंशांत हलतो, स्नायूची ताकद 0 ते 5 मध्ये कुठे आहे, एका पायावर उभं राहता येतं का, हे तपासता येतं. दुसरा डॉक्टर तपासेल तर जवळपास तेच निघेल. दुखण्याचं तसं होत नाही.

शिवाय "वेदनेला टक्केच नाहीत" हेही खरं नाही. पायाच्या तक्त्यात वेदनेचे जास्तीचे गुण आहेत: तीव्र 9, मध्यम 6, सौम्य 3. आखूडपणा सोडून अशा सगळ्या जास्तीच्या गुणांची कमाल 10. ही मर्यादा विचार करूनच घातली आहे. नुसत्या वेदनेवर 40 टक्के, म्हणजे लाभासाठी लागणारी किमान रेघ, द्यायला लागलो तर कंबरदुखी, अर्धशिशी, फायब्रोमायल्जिया (अंगभर जुनाट दुखणं) सगळे रांगेत येतील, आणि दलालही त्याच रांगेत येतील. 2024 मध्ये प्रशिक्षणार्थी आयएएस अधिकाऱ्याच्या दिव्यांग प्रमाणपत्राचं प्रकरण गाजल्यापासून सही करणाऱ्याची मान अडकते, हे लिहिणाऱ्यांनी लक्षात घ्यावं.

धानपट्टा

दलालांच्या भीतीने खऱ्या पेशंटला परत पाठवायचं, हा कुठला न्याय? फायब्रोमायल्जियावाल्या बाईचं दुखणंही खरंच असतं. तिला 21 प्रकारांत जागा नाही, तो तिचा दोष आहे का?

लॅबवाला

दोघेही थोडं थांबा. परत येणाऱ्या फायलींत निम्मा गोंधळ रिपोर्टचा असतो.

सोल्युबिलिटी टेस्ट फक्त सिकल हिमोग्लोबिन आहे की नाही एवढंच सांगते. माणूस वाहक आहे, म्हणजे एएस, की रुग्ण आहे, म्हणजे एसएस, हे त्यावरून कळत नाही. शिबिरात मिळालेली ती चिठ्ठी घेऊन लोक बोर्डासमोर उभे राहतात आणि परत येतात. हिमोग्लोबिनचे प्रकार वेगळे करून दाखवणाऱ्या इलेक्ट्रोफोरेसिस किंवा एचपीएलसी तपासणीचाच रिपोर्ट लागतो.

दुसरी चूक जास्त महागात पडते. रक्त चढवल्यावर लगेच एचपीएलसी केली तर दात्याचं हिमोग्लोबिन ए रिपोर्टमध्ये उमटतं आणि एसएस पेशंट कागदावर वाहकासारखा दिसतो. शेवटच्या रक्तानंतर तीन महिने थांबा, मगच नमुना द्या. तेवढं थांबता येत नसेल तर रक्त कधी चढवलं ती तारीख फॉर्मवर लिहून घ्या, आणि आई-वडिलांचीही तपासणी करून घ्या. दोघे वाहक निघाले तर एसएस असण्याला आधार मिळतो.

वैनगंगाकाठ

लॅबवाले भाऊ, हे प्रत्येक प्राथमिक आरोग्य केंद्राच्या भिंतीवर लावायला हवं.

डॉक्टरसाहेब, तुम्ही 9 गुण सांगितलेत, पण ते पायाच्या तक्त्यातले. पेशंटला पायाच्या तक्त्यापर्यंत कोणी नेतं का? सिकलसेलमध्ये खुब्याच्या गोळ्याचं रक्त तुटतं, त्यालाच एव्हीएन म्हणतात. सुरुवातीला एक्स-रे अगदी साफ येतो. दुखतं जांघेत, पेशंट बोट गुडघ्याकडे दाखवतो, आणि गुडघ्याचा एक्स-रे काढून घरी पाठवतात. मांडी आतल्या बाजूला वळवून बघितली तर तिथेच अडते, पण ते बघायला पेशंटला टेबलावर झोपवावं लागतं. सुरुवातीची अवस्था एमआरआयमध्येच दिसते.

खुबा हाडाच्या बोर्डापुढे आणि रक्ताचा आजार फिजिशियनपुढे, असे दोन्ही मांडले तर टक्के एकत्र धरतात. सरळ बेरीज नसते: मोठ्या आकड्यात, लहान आकडा गुणिले (90 वजा मोठा आकडा), भागिले 90, एवढं मिळवायचं. 30 आणि 20 असतील तर 30 अधिक 13.3, म्हणजे 43.3. एकट्या खुब्यावर तोच माणूस 30 वर अडकला असता. अर्ज भरताना दोन्ही प्रकारांवर खूण करायला त्याला कोण सांगतं?

तहसील_टेबल

तुम्ही टक्क्यांवर अडलात. पैसे कुठून येतात ते बघा. संजय गांधी निराधार योजनेच्या यादीत सिकलसेलग्रस्त वेगळे लिहिलेले आहेत. तिथे 40 टक्के लागत नाहीत, सरकारी रुग्णालयाचा आजाराचा दाखला लागतो. त्यासोबत महाराष्ट्रातलं 15 वर्षांचं वास्तव्य, 65 च्या आतलं वय, आणि कुटुंबाचं उत्पन्न वर्षाला 21,000 पर्यंत किंवा दारिद्र्यरेषेच्या यादीत नाव. सगळ्यांनी बोर्डाच्याच दारात रांग लावायची गरज नाही.

धानपट्टा

21,000! वर्षाला! रोजगार हमीचा 2025-26 चा दर दिवसाला 312. घरातल्या एकाने 67 दिवस माती उचलली तर 20,904 होतात. 68 व्या दिवशी ते कुटुंब तुमच्या लेखी निराधार राहत नाही. सरकार एकीकडे कामाच्या दिवसांची हमी देतं आणि दुसरीकडे तेच दिवस मोजून अर्ज बाद करतं. मग लोक तलाठ्याला खोटं उत्पन्न सांगतात. पोटासाठी खोटं बोलायला लावणारी ही मर्यादा आहे, आणि तुम्ही ती इतक्या शांतपणे कशी सांगता?

तहसील_टेबल

आवाज चढवू नका. मर्यादा मी ठरवलेली नाही, आणि ती योग्य आहे असं मी कुठेही म्हटलेलं नाही. टेबलावर बसणाऱ्याने 22,000 च्या दाखल्यावर मंजुरी दिली तर वसुली त्याच्यावर निघते.

धानपट्टा

योग्य आहे असं म्हटलं नाहीत, पण पर्याय म्हणून तीच मर्यादा पुढे केलीत.

आता उरलेलंही सांगा. दिव्यांगांसाठी तीच मर्यादा 50,000 आहे. आणि ऑक्टोबर 2025 पासून दिव्यांग लाभार्थ्याला महिन्याला 2500, बाकीच्यांना 1500 च. म्हणजे तुमच्या "40 टक्के लागत नाहीत" या वाटेने गेलं तर उत्पन्नाची अट जास्त कडक आणि महिन्याला 1000 कमी. वर्षाचे 12,000. एमआरआयला आणि नागपूरच्या फेऱ्यांना तेवढेच लागतात.

तहसील_टेबल

ही बाजू मी लिहायला हवी होती. मान्य. ज्याचं उत्पन्न 21,000 च्या आत आहे त्याने सिकलसेलच्या दाखल्यावर अर्ज करून पैसे सुरू करावेत, आणि युडीआयडी, म्हणजे दिव्यांगांचं ओळखपत्र, आलं की प्रवर्ग बदलून मागावा. बोर्डाच्या निकालाची वाट बघत एकही महिना रिकामा घालवू नये. आधार बँक खात्याला जोडलेलं आहे का, ते आधी बघा. मंजुरी होऊनही रक्कम अडकते ती तिथेच. आणि दरवर्षीचा हयातीचा दाखला चुकवू नका.

पूर्वविदर्भ

नोकरीचं कोणीच बोललं नाही. त्याच 2016 च्या कायद्यातल्या कलम 34 च्या 4 टक्के आरक्षणात अंध, कर्णबधिर, अस्थिव्यंग, ऑटिझम-मानसिक आजार असे गट आहेत. रक्ताचे आजार कुठल्याच गटात नाहीत. सिकलसेलच्या पोराने 60 टक्क्यांचं कार्ड मिळवलं तरी भरतीत तो साध्या रांगेत उभा. मग कार्ड कशाला? एसटीचा मोफत प्रवास तर सिकलसेलच्या कागदावरही मिळतो.

वैनगंगाकाठ

त्यासाठीच खुब्याची तपासणी करा म्हणते. अस्थिव्यंगात 40 बसले तर तो त्या गटात अर्ज करू शकतो. रक्ताच्या आजारांना वेगळा गट हवाच, पण पुढच्या भरतीपर्यंत तो येणार नाही.

गोनिओमीटर

एव्हीएनचं म्हणणं बरोबर आहे. सिकलसेलचा पेशंट समोर आला की खुबा वळवून बघायलाच हवा आणि घाईत ते राहून जातं, हे मी नाकारत नाही. डिस्चार्ज कार्डं हा वेदनेचा पुरावा होऊ शकतो, हेही मान्य. भरती किती वेळा, किती दिवस, कोणतं इंजेक्शन, रक्त किती पिशव्या, हे तारखेनिशी लागलेलं असेल तर मला विचार करता येतो. पण नुसत्या "फार दुखतं" वर 40 द्यायला माझा विरोध कायम आहे.

धानपट्टा

ग्रामीण रुग्णालयात रात्री इंजेक्शन देऊन सकाळी सोडतात. त्याचं डिस्चार्ज कार्ड बनतच नाही. तो पुरावा कुठून आणायचा?

वैनगंगाकाठ

ओपीडीचा केसपेपर मागून घ्यायचा, त्यावर "सिकल क्रायसिस" हे शब्द आणि औषधाचं नाव लिहून घ्यायचं. "अंगदुखी" एवढंच लिहिलेला कागद बोर्डात काही कामाचा नाही. घरी निघालेल्या नर्सताईलाही पुन्हा विनंती करावी लागली तरी करायची. आणि बोर्डाने नाकारलं तर तोंडी "होत नाही" ऐकून परत येऊ नका. कारणं लेखी मागा. त्या तारखेपासून 90 दिवसांत अपील करता येतं, आणि हातात कागद नसेल तर ते 90 दिवस कधीपासून मोजायचे हेच कळत नाही.

धानपट्टा

ताई, केसपेपरचं उद्याच सांगतो लोकांना. 21,000 वर मात्र मी गप्प बसणार नाही.